दगडाखाली हात

आमच्या घराण्यात खेळाची परंपरा अशी नाही. आजोबा बुद्धिबळाचा पट मांडून घोडा कुठून कुठे जाऊ शकतो यावर संध्याकाळभर वाद घालायचे आणि दिवेलागणीला पट तसाच टाकून उठायचे, वडिलांनी कॅरमच्या राणीला बहुतेक वेळा सोफ्याखालचाच रस्ता दाखवला, आणि मी डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत क्रिकेट खेळलो ते केवळ मामाने दिलेली बॅट माझ्या ताब्यात होती म्हणून. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, आणि तो आउट आहे की नाही हेही तोच ठरवणार, एवढ्या भांडवलावर मी शाळा संपेपर्यंत खेळाडू म्हणून मिरवलो. पुढे मामाचा मुलगा मोठा झाला, बॅट परत गेली आणि मी निवृत्त झालो. मैदानावरची एकच विद्या मला खऱ्या अर्थाने अवगत होती. भांडण.

अशा कुळात जन्मलेली आमची कन्या कर्लिंग खेळते.

कर्लिंग तुम्ही हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर पाहिलं असेल. एकजण बर्फावरून दगड सोडतो आणि दोघं त्याच्यापुढे ब्रश घासत धावतात. फरशी पुसण्यावरून विनोद सुचला असेल तर आत्ताच करून घ्या. आमच्या सगळ्या नातेवाइकांचा करून झालाय, आणि सासूबाईंनी तर व्हिडिओ कॉलवर गंभीरपणे विचारलं होतं की एवढी फी भरून हेच शिकवतायत, तर घरी तिच्या हातात पोछा द्यायला काय हरकत आहे. मी तो प्रयोग केला. कन्या म्हणाली, "बाबा, घरी स्किप कोण आहे?" स्किप म्हणजे संघाची कर्णधार. मी बायकोकडे पाहिलं. पोछा मीच मारला.

आम्ही कॅनडात विनिपेगला राहतो. जानेवारीत इथं पारा उणे तीसपर्यंत आरामात उतरतो, रात्री गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून तिला विजेची वायर जोडून ठेवावी लागते, आणि सकाळी ती वायर काढायला विसरून गाडी रस्त्यावर घेणारा, मागे प्लग फरफटत ऑफिसला पोचणारा माणूस आमच्या गल्लीत कोण आहे हे मी सांगायची गरज नाही. अशा गावात लोक हिवाळा कसा काढतात? बाहेर बर्फ आहे म्हणून आत जातात, आणि आत जाऊन बर्फावर खेळतात. मॅनिटोबात छोट्या छोट्या गावांनाही आपली कर्लिंगची रिंक असते. इथल्या मोठ्या बॉन्स्पीलमध्ये, म्हणजे कर्लिंगच्या जत्रेतच म्हणा ना, १९८८ साली १,२८० संघ उतरले होते. एका संघात चारजण. ब्रश किती झाले ते तुम्हीच मोजा. बेरजेचं काम माझ्याकडे का देऊ नये ते पुढे कळेलच.

शिवाय कर्लिंगपटू जेनिफर जोन्स इथलीच. पेशाने वकील. १९९४ साली तिने कॅनडाची ज्युनियर स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर वीस वर्षांनी, २०१४ मध्ये सोचीला, एकही सामना न हरता ऑलिंपिकचं सुवर्णपदक आणलं. त्यामुळे इथल्या कुठल्याही क्लबात एखादी पोरगी ब्रश घेऊन उभी दिसली की तिच्या आईबापांच्या डोळ्यांसमोर सोची तरळतं. माझ्या डोळ्यांसमोर बुटांची किंमत तरळली. कर्लिंगचे बूट वेगळे येतात, आणि ते दोन्ही पायांचे सारखे नसतात, हे ऐकल्यावर मी दुकानदाराशी थोडी घासाघीसही करून पाहिली की एकच घेतला तर किती पडेल.

लेकीची सुरुवात अगदी लहानपणी झाली. मुलांसाठी इथं साधारण निम्म्या वजनाचे दगड असतात, ते ढकलत ती पोरं इतकी गोड दिसतात की मीसुद्धा काचेमागे बसून हे काय, कुणीही करेल, अशा मताला आलो. खरा दगड सतरा ते वीस किलोंच्या मधला असतो. जात्याचा वरचा दगड खुंट्यासकट उचलून बर्फावर आणून ठेवावा, तसा दिसतो. त्याचा उत्तम ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या बेटावरून येतो. त्या बेटावर आता माणसं राहत नाहीत. दगड मात्र तिथून निघून ऑलिंपिकपर्यंत जातात. आम्ही डोंबिवलीहून निघून काचेमागच्या खुर्चीपर्यंत आलो.

खेळ समजून घ्यायचा मी मनापासून प्रयत्न केला, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवा. दगड सोडताना हँडलला हलका पीळ दिला की तो सरळ न जाता जाता-जाता वळतो, म्हणून तर हे नाव. आता गंमत अशी की काचेचा पेला पालथा घालून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत टेबलावरून ढकलला तर तो डावीकडे वळतो, आणि तसाच फिरवलेला कर्लिंगचा दगड वळतो उजवीकडे. असं का, यावर भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अजून एकमेकांचे सिद्धान्त खोडतायत. हे वाचल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी जेवणाच्या टेबलावर जरा पाणी शिंपडलं, लग्नात आलेल्या सहा पेल्यांच्या सेटमधला एक पालथा घातला, आणि कन्येला समजावून सांगत सांगत तो फिरवून सोडला. पेला खरंच डावीकडे वळला. डावीकडे टेबल संपत होतं. सेट आता पाचाचा आहे, आणि विज्ञानाने माझी दखल घेतलेली नाही.

नियमांचंही तेच. मला वाटायचं की खेळात गुण मिळाले की घ्यावेत. इथं एका डावाला एंड म्हणतात, प्रत्येक खेळाडू दोन दगड सोडतो, असे दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड झाले की मधल्या वर्तुळाच्या केंद्राजवळ ज्यांचे दगड, त्यांना गुण. शेवटचा दगड ज्यांच्याकडे, त्यांची चलती. त्याला हॅमर म्हणतात. आणि ज्यांना गुण मिळाला त्यांचा हॅमर पुढच्या एंडला समोरच्यांकडे जातो. म्हणून हुशार संघ काय करतो, तर एकच गुण हाती लागणार असेल तर शेवटचा दगड मुद्दाम आरपार घालवून शून्यावर एंड सोडतो. हॅमर आपल्याकडेच राहतो. हे मला माहीत असतं तर कन्येने समोरचा दगड उडवून स्वतःचाही दगड वर्तुळाबाहेर जाऊ दिला, तेव्हा मी काचेवर दोन्ही तळवे आपटून "अगं कार्टे!" असं ओरडलो नसतो. काच जाड होती. तिला ऐकू गेलं नाही. बाकी सगळ्या पालकांना गेलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, हा तुमच्याकडचा जयघोष आहे का. मी हो म्हणालो. पुढचा सगळा सामना त्या बाई प्रत्येक चांगल्या दगडाला माझ्याकडे पाहून उत्साहाने "अगं कार्टे" म्हणत होत्या.

पण फळ्याने माझी जी शोभा केली, तिच्यापुढे हे काहीच नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती. टीव्हीवर गुण दाखवतात ते कुणालाही कळतात. पण जुन्या पद्धतीच्या क्लबात अजून एक लांबट फळा असतो. त्याच्या मधोमध एकपासून पुढचे आकडे रंगवलेले, वरच्या बाजूला एका संघासाठी खिळ्यांची रांग, खालच्या बाजूला दुसऱ्यासाठी, आणि प्रत्येक एंड संपला की कुठल्या तरी खिळ्यावर एक आकड्याची पाटी लटकते. मी बर्फावरून मान वर केली तेव्हा पाच एंड झाले होते. आमच्या मुलींच्या रांगेत दोन पाट्या होत्या: तीन आणि पाच. समोरच्यांच्या रांगेत एक, दोन आणि चार. मी इंजिनिअर आहे. बेरीज केली. आठ विरुद्ध सात!

आता या खेळात एक सुंदर रिवाज आहे. सामना संपल्यावर दोन्ही संघ एका टेबलाभोवती बसतात, आणि जिंकणारे हरणाऱ्यांना काहीतरी पाजतात. मोठ्यांमध्ये बिअर चालते, मुलामुलींमध्ये हॉट चॉकलेट. मला तो रिवाज फार आवडला होता, कारण आमच्या सोसायटीत हरणाऱ्याला पाणीसुद्धा स्वतःच्या घरी जाऊन प्यावं लागायचं. म्हटलं, पोरींचं पोरी बघतील, पालकांमध्ये आपण पुढाकार घेऊ. काउंटरवर गेलो, समोरच्या संघाच्या सगळ्या आईवडिलांसाठी कॉफी घेतली, वर डोनटही घेतले, ट्रे सावरत त्यांच्या टेबलाशी पोचलो आणि हरणाऱ्याशी बोलताना आवाजाला जो ओलावा लागतो तो आणून म्हणालो, "फार छान खेळतायत हो तुमच्या मुली. जरासाच फरक आहे. मनाला लावून घेऊ नका." त्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. इथली माणसं सभ्य. त्यांनी आभार मानले, डोनट घेतले, आणि एकाने तर सवयीने "सॉरी"ही म्हटलं. शेवटी त्यांच्यातल्या एका आजींनी माझ्या दंडावर हात ठेवून हळूच विचारलं, "तुम्ही नक्की कुठला सामना बघताय?"

मग त्यांनीच मला फळा वाचायला शिकवला. रंगवलेले आकडे म्हणजे गुण. लटकवलेली पाटी म्हणजे कितवा एंड. आमची तीनची पाटी एक या आकड्यावर होती, म्हणजे तिसऱ्या एंडला आमचा पहिला गुण. पाचची पाटी दोनवर, म्हणजे पाचव्या एंडअखेर आम्ही दोन. आणि त्यांची चारची पाटी होती सातच्या आकड्यावर. मी घामाघूम होऊन काचेकडे वळलो, तेवढ्यात त्यांच्या रांगेत नऊच्या आकड्याखाली सहाची पाटी लटकली आणि आमच्या कन्येने हात पुढे करून सामना सोडला. इथं हरणं दिसायला लागलं की शेवटपर्यंत रेटत नाहीत, हस्तांदोलन करून मोकळे होतात. मग रिवाजाप्रमाणे त्या जिंकलेल्या पालकांनी आम्हाला कॉफी पाजली. माझ्या पैशांची कॉफी ते पीत होते, त्यांच्या पैशांची मी. बायकोला म्हटलं, तुला फळा वाचता येतो, मग मला अडवलं का नाहीस? ती म्हणाली, "अरे, मला वाटलं, तू मोठ्या मनाने करतोयस."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण या खेळातली एक गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नव्हती. इथं अशा क्लबातल्या सामन्यात पंच कुणाच्या मागे मागे फिरत नाही. चालत्या दगडाला आपला ब्रश किंवा बूट लागला, तर ज्याचा लागला त्यानेच हात वर करून सांगायचं. आणि पोरं सांगतात! मी काचेमागून प्रत्यक्ष पाहिलं की आमच्या कन्येचा ब्रश दगडाला निसटता लागला, दगडालासुद्धा कळलं नसेल, समोरच्या मुलींची पाठ होती, आणि ही शहाणी हात वर करून उभी. घरी येताना गाडीत मी विषय काढला. म्हटलं, कुणी पाहिलं होतं का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे सगळे सिग्नल अतिशय काटेकोरपणे पाळले. मला विचाराल तर हा खेळ आमच्या सोसायटीत एक संध्याकाळही टिकला नसता. आमच्याकडे रडीचा डाव हाच मुख्य खेळ होता. क्रिकेट हे त्याचं निमित्त.

आणि मग क्लबाने पालक-पाल्य स्पर्धा काढली.

दोन पालक, दोन मुलं, असा संघ. कन्या स्किप, म्हणजे ती पलीकडच्या टोकाला वर्तुळात उभी राहून हुकूम सोडणार; मी लीड, म्हणजे सगळ्यात आधी दगड सोडणारा, ज्याच्या हातून फारसं बिघडणार नाही अशी जागा. एका बुटाखाली टेफ्लॉनचा गुळगुळीत तुकडा, दुसऱ्याखाली रबर. एक घसरण्यासाठी, एक न घसरण्यासाठी. ही व्यवस्था बर्फावर पाऊल ठेवण्याआधी नीट समजून घ्यायची असते. माझा डावा पाय पुढे निघून गेला, उजवा म्हणाला मी इथेच बरा, आणि त्या दोघांची फारकत झाल्यावर मधल्या माणसाचं जे व्हायचं ते झालं. आडवा झालो. तत्काळ चारही बाजूंनी माणसं धावली, सगळे काळजीने ओरडत होते, आणि परक्या मुलखात आपल्याला इतकी माया मिळावी म्हणून माझे डोळे भरून येणार, तोच शब्द कळले. "हात उचला! बर्फावरचे हात उचला!" रिंकच्या बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून कण गोठवलेले असतात, दगड त्या कणांवरून चालतो, आणि माणसाचा गरम पंजा टेकला की ते वितळतात. बर्फाची निगा राखणारा गृहस्थ माझ्याशेजारी वाकला, जिथे माझे तळवे होते ती जागा त्याने हळुवार न्याहाळली, तिला फार लागलेलं नाही याची खात्री केली आणि निघून गेला. माझी कंबर कुणी न्याहाळली नाही.

दगड उचलायचा नसतो, नुसता सरकवायचा असतो, हेही मला तो उचलल्यावर कळलं. घरचा गॅसचा सिलिंडर जिन्याने वर नेलेला माणूस आहे मी, सवयीने उचलला, आणि उचलल्यावर तो ठेवायचा कसा हा प्रश्न कंबर विचारू लागली. शेवटी ठेवला, ढकलला. पलीकडच्या बाजूला एक रेघ असते, हॉग लाइन. ती पूर्ण ओलांडली नाही तर दगड बाद करून बाजूला काढतात. माझा पहिला दगड त्या रेघेच्या बराच अलीकडे विसावला. दुसऱ्याला मी सगळा जोर लावला. तो वर्तुळातून थेट मागच्या फोमवर जाऊन धडकला. दोन टोकांच्या मधेही काही जागा असते, हे दिसलं सगळ्यांना, सापडलं मात्र मला नाही.

उरलं ब्रश मारणं. ब्रश घासला की बर्फ किंचित ऊबदार होतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. आमच्या संघातल्या दुसऱ्या पोराने अप्रतिम दगड सोडला होता. कन्या तिकडून जिवाच्या आकांताने ओरडत होती, मी ब्रश घासत दगडाच्या पुढे पुढे चालत होतो, धाप लागली होती, चष्मा धुक्याने भरला होता, आणि दगड वर्तुळात शिरता शिरता माझी टाच त्याला लागली. अगदी हलकीच. दगडाने थोडी दिशा बदलली आणि आमच्याच दोन दगडांना बाहेर ढकलून थांबला. मी छताकडे पाहिलं. तिथे लावलेल्या जुन्या विजेत्यांच्या झेंड्यांमध्ये मला एकाएकी विलक्षण रस वाटू लागला.

"बाबांचा पाय लागला!" कन्या सगळ्या रिंकला ऐकू जाईल असं म्हणाली.

माझ्यातला डोंबिवलीकर एका क्षणात जागा झाला. पाय दगडाला नाही, दगड पायाला लागला, इथपासून मी मुद्दे मांडायला सुरुवात केली. कुणी ऐकेना. कारण नियम असा की अशा वेळी समोरच्या संघाने ठरवायचं: लागलेला दगड काढून बाकीचे होते तिथे परत ठेवायचे, किंवा धक्का लागला नसता तर सगळे जिथे थांबले असते असं वाटतं तिथे ठेवायचे, किंवा सगळं आहे तसंच राहू द्यायचं. समोरचा स्किप होता समोरचे दोन दात पडलेला एक मुलगा. तो वर्तुळाभोवती एक फेरी मारून आला, दगडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला की राहू द्या, काका, आहे तसंच ठीक आहे. माझ्या टाचेने आमचंच इतकं नुकसान केलं होतं की नियमाने त्याला त्याहून चांगलं काही मिळालंच नसतं.

आम्ही हरलो. त्या दोन दात पडलेल्या स्किपने मला हॉट चॉकलेट पाजलं, आणि दगड उचलू नये हे पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

पुढच्या महिन्यात क्लबात पुन्हा मुलामुलींची स्पर्धा आहे. पालकांना कामं वाटली गेलीत. कुणी घड्याळ लावणार, कुणी फळ्यावर पाट्या लटकवणार. मला स्वयंपाकघर दिलंय, फळा तिथून दिसत नाही. तेव्हा त्या सुमारास विनिपेगला येणं झालंच, तर अवश्य या. कोट जाड आणा, बर्फावर हात टेकू नका, आणि खर्चाची मुळीच चिंता करू नका: इथं पाजायचं काम जिंकणाऱ्यांचं असतं, आणि तुम्ही माझ्या टेबलावर असणार.